गुडघ्याखालची उशी

आमच्या बीड जिल्ह्यात हाडाचा डॉक्टर कुणालाही विचारा, तो बोट दाखवील. डोळ्यांचा विचारा, दातांचा विचारा, जनावरांचा विचारा. पण हाड जुळल्यावर माणसाला पुन्हा चालतं कोण करतं, असं विचारलं की लोक तोंडाकडे बघत राहतात. चैत्राच्या सुरुवातीला मी आणि माझी थोरली बहीण असा डॉक्टर शोधायला निघालो. तेलगावहून परळी, परळीहून बीड, आणि बीडहून अर्ध्या वाटेवर मागे. अंतर म्हणाल तर काहीच नाही. तरी आम्हाला ते कापायला चौदा महिने उशीर झाला, आणि तो उशीर कुणामुळे झाला तेही यात सांगायचं आहे.

तेलगाव

अक्काचं नाव सुमन. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर ती विष्णूदाजींबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जायची. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माणसं दोन, कोयता एक. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन लाकडी फळीवरून ट्रकमध्ये चढते. बारा हंगाम अक्का अशी चढली. तेराव्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी, फळीवर दव होतं. ती मोळीसकट खाली आली. मांडीचं हाड मोडलं. तिकडेच ऑपरेशन करून आत सळई घातली आणि दाजींनी तिला घरी, वडवणीच्या अलीकडच्या त्यांच्या गावी, आणलं.

मी भेटायला गेलो तेव्हा तिची सासू, गयाबाई, तिला भिंतीला धरून उभी करत होती. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू दे," गयाबाई मला म्हणाली. "भिंत धर गं. चुलीपस्तोर ये. चूल काय लांब न्हाई."

आता माझ्याविषयी सांगायला हवं. माझे वडील मजुरांच्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. खाटेखाली गठ्ठे, फळीवर गठ्ठे, पावसाळ्यात गळतं तिथे गठ्ठे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. 'अ' मला अन्यायातला भेटला. अननसातला फार नंतर. वडील गेल्यावर पत्रकं मी लिहायला लागलो. त्यामुळे भिंत धरून रडणारी अक्का आणि समोर दटावणारी सासू हे दृश्य माझ्यासाठी आधीच छापून तयार होतं. फक्त गावाचं नाव भरायचं बाकी होतं.

मी जीप आणली, अक्काला उचललं आणि तेलगावला माहेरी आणलं. आठवडाभरात पत्रक काढलं. मथळा होता 'हंडा की हाड?' वडवणी भागातली एक सासू मोडल्या पायाच्या सुनेला कामाला कशी जुंपते, ते त्यात लिहिलं. नाव नव्हतं, पण वाचणाऱ्याला नावाची गरज पडली नाही. त्यातलं एक वाक्य मला फार आवडायचं: 'बारा वर्षं ओझं वाहिलेल्या बाईला विश्रांती हा उपकार नव्हे, हक्क आहे.' तेलगावच्या बाजारात मी ते पत्रक स्वतः वाटलं.

आणि तो हक्क मी अक्काला दिला. दुष्काळ होता. टँकर आला की गावात एकच पळापळ व्हायची. आई कळशी घेऊन धावायची, मी पिंप लोटत न्यायचो. अक्काला मी खाटेवरून हलू दिलं नाही. पाणी हातात, भाकरी हातात. गुडघ्याखाली ठेवायला एक उशी करून घेतली, शेवटच्या बऱ्या सालातला आमच्या रानातला कापूस भरून. त्या उशीवर गुडघा वाकवून ठेवला की तिला बरं वाटायचं. तिकडच्या डॉक्टरांनी दीड महिन्यानं दाखवायला बोलावलं होतं. एवढा प्रवास तिला सोसायचा नाही म्हणून मी नेलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर पाय सरळ होईना, तेव्हा जवळच्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो उजेडात धरला. "हाड सुरेख जुळलंय. गुडघा धरलाय. पुनर्वसनाचा डॉक्टर गाठा," म्हणाले आणि तसं कागदावर लिहून दिलं. अक्का उभी राहिली की तिची टाच जमिनीपासून वीतभर वर राहायची.

तो कागद घेऊन मी आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे गेलो. बियाण्यापासून सोयरिकीपर्यंत गावाची सगळी चौकशी त्यांच्या टेबलावर होते.

"पुनर्वसन?" त्यांनी चष्मा वर केला. "आरं, ते धरणात गेलेल्या गावांचं असतंय. तिचं कावून?"

"पायाचं, तात्या."

"पायाचं व्हय? मग परळीला जा. स्टेशनच्या मागं हाय एक. लई मोठा. माझा मेव्हणा नीट केलाय त्यानं."

निघायच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "दिगू, एक सांगते. मला माझ्या घरी जायचंय. पण तू मला जसं उचलून आणलंस तसं न्हाई. त्या दारातून मी माझ्या पायानं आत जाणार. न्हाई जमलं तर मंग इथंच ऱ्हाते मरंस्तोर."

परळी वैजनाथ

दूध संघाचा टेम्पो रोज परळीपर्यंत जातो. दुष्काळात दूध आटलं होतं, निम्मे कॅन रिकामे होते, म्हणून मुनीरभाई ड्रायव्हरनी मागे गोधडी टाकून अक्काला जागा करून दिली.

"आरामसे बसा अक्का. आज दूध कमी न् सवारी जास्त. कॅन वाजले तर बँड समजा."

"वरात कुणाची मग?" अक्कानं विचारलं.

"या दिगूभाईची. पत्रकाशी लगीन लागलंय याचं."

कॅन खरोखरच परळीपर्यंत वाजत होते. दोन्ही बाजूंना रान उघडं पडलं होतं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या होत्या, उसाचं नाव नव्हतं. परळी जवळ आली की एरवी आधी वीजकेंद्राचा धूर दिसतो. त्या दिवशी चिमण्या नुसत्याच उभ्या. पाणी नाही म्हणून संच बंद आहेत, असं लोक सांगत होते. पण साठलेली राख वाऱ्यानं उडत होतीच. टपऱ्यांच्या पत्र्यांवर, झाडांच्या पानांवर, शिवमंदिराकडे निघालेल्या माणसांच्या टोप्यांवर तिचा एकसारखा थर होता. अक्कानं हॉटेलच्या बाकावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत बसली. "आमच्याकडं धूळ लाल असती," एवढंच म्हणाली.

हॉटेलवाल्यानं पोहे दिले, शेव पुष्कळ घातली. पाणी मागितलं नाही, आमची बाटली काढली. दुष्काळानं आमच्याकडे एक नवी रीत पडली आहे. पाहुणा येताना आपलं पाणी घेऊन येतो आणि घरचे ती बाटली दिसलीच नाही असं दाखवतात. आधी पाण्याचा तांब्या पुढे न करणं हा अपमान होता. आता पुढे केलेला तांब्या घेणं हा अपराध वाटतो. परळीतही तेच चाललं होतं.

सचिवांचा 'लई मोठा' डॉक्टर म्हणजे हाडं बसवणारे एक म्हातारे नाना निघाले. पत्र्याची खोली, तेलाचा वास, भिंतीवर गदा. माझं रक्त तापलं. असल्या लोकांविरुद्ध मी दोन पत्रकं काढलेली होती. मी परत फिरणार, तर अक्का म्हणाली, "आलोय तर बघू दे की."

नानांनी तेलाला हातच लावला नाही. गुडघ्यावर नुसता पंजा ठेवला, डोळे मिटले, जरा दाबलं आणि सोडलं.

"पोरी, किती दिस पडून व्हतीस?"

"लई दिस."

"हे मोडल्यानं झालेलं न्हाई. हे पडून झालंय. मी वढलं तर तुझी सळई वाकंल न्हाई तर माझी इज्जत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बीडला एक बाई हाय. ष्ट्यांडाच्या मागं, दोन खोल्या. मी बिघडवलेले चार जण तिनं नीट केलेत. मला शिव्या घालती, पण काम चोख हाय बाईचं."

त्यांनी आमच्याकडून काही घेतलं नाही. 'हे पडून झालंय' हे वाक्य मी परळीतच सोडून द्यायचं ठरवलं. अडाणी माणसाचं बोलणं, असं स्वतःला सांगितलं. पण एसटीत अक्काचा पाय समोरच्या सीटला टेकून वाकडाच राहिला होता आणि तो मला दर खड्ड्याला दिसत होता.

बीड

नाना म्हणाले तशा दोनच खोल्या होत्या. पहिलीत बाकडी, दुसरीत दोन समांतर लोखंडी कठडे, त्यांच्यामध्ये चालायचा पट्टा. कठडे नळाच्या पाइपांचे होते. बाईंनी नंतर सांगितलं, एका गावच्या पाणीयोजनेचे उरलेले पाइप. पाणी आलंच नाही, म्हणून सरपंचांनी देऊन टाकले. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, पायात कापडी बूट. शरीराची गेलेली हालचाल परत आणणं एवढंच त्यांचं काम. लकवा झालेले, मणक्याला मार लागलेले, अपघातातले, सगळे तिथे येतात.

त्यांनी अक्काला पालथं निजवलं, उताणं निजवलं, मोजलं, दाबलं. मग विचारलं, "गुडघ्याखाली काय ठेवत होता?"

"उशी," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, पुढे सांगितलं, "आमच्याच रानातला कापूस."

"किती दिवस?"

"वर्षभर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हाड जुळायला सहा महिने पुरतात. तेवढ्यात गुडघा हलता ठेवायचा असतो. दुखलं तरी. रडली तरी. वाकवून ठेवला की तो वाकलेलाच धरतो. घरात कुणीच हिला चालवत नव्हतं?"

 उत्तर अक्कानं दिलं.

"सासू चालवीत व्हती."

"मग?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. "मंग मला माहेरी आणलं," म्हणाली.

खोलीत कुणीतरी कठड्याला धरून पावलं मोजत होतं. सात, आठ, नऊ.  मला माझ्या पत्रकातलं ते आवडतं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. त्यात काना-मात्रेचीसुद्धा चूक नव्हती.

आम्ही अठरा दिवस बीडमध्ये राहिलो. मागच्या गल्लीत एक खोली मिळाली, घरमालकीण रोज दोन भाकरी जास्त थापायची. सकाळी शेक, मग ताणणं. पालथं निजवून पाय बाकड्याबाहेर सोडायचा आणि घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. मग कठड्यात चालणं. पहिल्या दिवशी अक्का ओरडली तसा मी पुढे झालो. बाई म्हणाल्या, "तुम्हाला इथं एकच काम आहे. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. तिनं मागितलेली एकही वस्तू हातात द्यायची नाही." ते काम मला सगळ्यात जड गेलं. अक्का पाणी मागायची, तांब्या चार पावलांवर असायचा, आणि मी भिंतीला पाठ लावून बोटांत बोटं घट्ट अडकवून उभा असायचो.

पाचव्या-सहाव्या दिवशी, पालथी पडलेली असताना, तोंड बाकड्यात खुपसूनच ती बोलली.

"दिगू, औंदाच्या हंगामाला दाजींच्या संगं अर्धा कोयता कोण झालं, ठाव हाय?"

"त्यांचा कुणी चुलतभाऊ असंल."

"आत्याबाई गेलत्या."

आत्याबाई म्हणजे गयाबाई. साठी ओलांडलेली बाई. मी पत्रकात जिला मजूर पिळणाऱ्या मुकादमाच्या ओळीत बसवलं होतं, ती अक्काच्या वाटणीच्या मोळ्या डोक्यावर घेऊन त्याच फळीवरून चढत होती. ऊसच नव्हता म्हणून माघातच सगळे परतले, एवढंच काय ते नशीब.

"मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तू लिव्हलं असतंस," अक्का म्हणाली. "लेकानं म्हातारीला जुंपली म्हणून."

खरंच लिहिलं असतं.

एक गंमतही सांगतो, कारण त्या अठरा दिवसांत अक्का एकदाच मोकळी हसली. पाय थोडा सरळ झाला तरी टाच टेकत नव्हती, म्हणून बाईंनी त्या पायाच्या चपलेला जाड तळ लावून आणायला सांगितलं. मी लगबगीनं एक चप्पल घेऊन चांभाराकडे गेलो, उभा राहून चांगला चार बोटं तळ लावून घेतला आणि ऐटीत आणून दिला. चप्पल चांगल्या पायाची होती. अक्का ती घालून कठड्यात उभी राहिली आणि ताडाच्या झाडासारखी एकीकडे कलली.

"याला डावा-उजवा कळत न्हाई बाई," ती हसत हसत म्हणाली, "आन् ह्यो लोकांना वाट दाखवतोय."

सगळी खोली हसली. लकवा झालेले एक मास्तर अर्ध्याच तोंडानं हसले, पण पोटभर हसले.

सतराव्या दिवशी अक्का वॉकर घेऊन बाहेरच्या लिंबापर्यंत जाऊन आली. त्याच दिवशी बाईंनी मला वेगळं बोलावलं.

"रोजचा व्यायाम चालू ठेवला तर घरात, रस्त्यावर चालेल. पुढे वॉकर सुटून काठीवर येईल. पण मांडी घालून बसणं नाही. उकिडवं बसणं नाही. उसाच्या फडात जाणं तर नाहीच. महिन्याला इथे आणा. सहा महिने आधी आला असतात तर..."

"वाक्य पुरं करा," मी म्हणालो.

"पुरं करून काय करणार? पत्रक काढणार?" अक्कानं त्यांना सगळं सांगितलेलं होतं. मग त्यांचा आवाज खाली आला. "आराम वाईट नसतो हो. किती, केव्हा, हे विचारायचं असतं. तुम्ही कुणाला विचारलंत?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं. मला माहीतच होतं.

वडवणीच्या अलीकडे

नारायणगडाचं दर्शन करून वडवणीकडे परतणाऱ्या एका जीपमध्ये आम्हाला जागा मिळाली. बायकांनी अक्काला पुढची सीट दिली, हातावर प्रसाद ठेवला. एकीनं विचारलं, "माहेरी का सासरी, माय?"

"घरी," अक्का म्हणाली.

दुपार टळत होती. जीपनं आम्हाला सडकेवर उतरवलं. तिथून दाजींचं घर पन्नास-साठ पावलं. दाजी विहिरीच्या कामावर गेले होते. गयाबाई अंगणात पिंप धूत होती, म्हणजे टँकर येऊन गेला होता, किंवा यायचा होता. तिनं डोळ्यांवर हात धरून सडकेकडे बघितलं. सामोरी आली नाही. आत गेली आणि पाण्यानं भरलेला पेला घेऊन उंबऱ्यात येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली लटकत होती. ती तिला दिसली होती, तरी पेला तसाच धरलेला.

अक्का निघाली. वॉकर पुढे, मग जाड तळाची चप्पल, मग दुसरा पाय. वॉकरचे रबर धुळीत रुतत होते. मी मागे, हात पाठीशी. बाभळीपाशी ती थांबली. घामानं पाठ भिजलेली. पुढे अंगणाच्या कडेला पुन्हा थांबली आणि या वेळी तिची मान खाली गेली. मला राहवलं नाही. मी भराभर पुढे गेलो, गयाबाईच्या हातातला पेला घ्यायला हात पुढे केला.

"तू थांब रं," ती म्हणाली. रागानं नाही. "तुझ्या हातानं लई पाणी पिली ती."

मी थांबलो. अक्कानं मान वर केली. उरलेली पावलं मी मोजली नाहीत. उंबऱ्यापाशी आल्यावर तिनं एक हात सोडला, पेला घेतला. थोडं पाणी गळ्यावर सांडलं, धुळीत पडलं. तशा दिवसांत सांडलेल्या पाण्याकडे सगळे बघतात. गयाबाईनं बघितलं नाही. अक्का उंबरा ओलांडून आत आली तेव्हा म्हातारीनं फक्त तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, बैलाच्या फिरवतात तसा.

मग तिनं कोपऱ्यातलं घोंगडं काढलं, झटकलं, चुलीजवळच्या अक्काच्या जागेवर अंथरलं. "बस. टेक जरा."

अक्का उभीच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. बीड सोडल्यापासून तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच मदत.

"मावशी," मी म्हणालो, "तिला आता खाली बसता यायचं न्हाई."

"आज?"

"कधीच."

 गयाबाई वाकली, घोंगड्याची घडी घातली, सावकाश, चारी कोपरे जुळवून. बाहेर जाऊन तिनं मघाशी धुतलेलं बुटकं पिंप आणलं, चुलीजवळ पालथं घातलं आणि घडी त्याच्यावर ठेवली. अक्का त्यावर बसली. पाय थोडा वाकलेला, पुढे आलेला. त्या उंचीवरून तिचा हात चुलीपर्यंत पोचत नव्हता.

"मावशी, माझं चुकलं."

"तुझा कागद शेजारच्या पोरीनं वाचून दावला मला," ती म्हणाली. चुलीत काटक्या सारत होती, तोंड तिकडेच. "लिव्हणं चांगलं हाय तुझं. समदं कळतंय." एक काटकी मोडली, आत घातली. "मला एकटीला सांगून काय? ते बाजारात वाटलंवतंस ना? मग हे बी बाजारात वाट."